एक प्रिंटर, अनेक संगणक

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकावयास जरा रुक्ष वाटेल. एका खोलीतील संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या खोलीतील, दुसऱ्या इमारतीतील, किंबहुना दुसऱ्या गावातील प्रिंटरवर कसा छापून घ्यावा, आणि त्याकरिता जाळ्याने जोडलेल्या युनिक्स जातीच्या संगणकांवर कोणती व्यवस्था बसवावी, हा तो विषय होय. हे काम तज्ज्ञांचे आहे, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु शाळेचा दाखला, परीक्षेची प्रश्नपत्रिका, बँकेचे पासबुक, शेताचा सातबारा, या साऱ्यांचा शेवटचा टप्पा पुष्कळदा छपाई हाच असतो. मुखेड किंवा निलंग्याच्या एखाद्या खेड्यातून तालुक्याला आलेल्या माणसास खिडकीपाशी 'प्रिंटर चालत नाही, उद्या या' असे उत्तर मिळते, तेव्हा त्याची एक दिवसाची मजुरी आणि एस. टी. चे जाण्यायेण्याचे भाडे बुडते. पुष्कळ वेळा यंत्र बिघडलेले नसतेच. व्यवस्था नीट लावलेली नसते; किंवा ज्याने ती लावली त्याने दुसऱ्या कोणास समजावून दिलेली नसते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्यभर खडूफळ्याशी संबंध आलेला शाळामास्तर आहे. संगणकाची ओळख मला उतारवयात झाली. म्हणून ज्या पायऱ्यांनी हा विषय मला उमजत गेला, त्याच पायऱ्यांनी तो आपणांपुढे मांडतो.

प्रथमतः युनिक्स म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या सर्व भागांकडून काम करवून घेणारा जो अदृश्य कारभारी, त्यास कार्यप्रणाली म्हणतात. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची या दोघांनी अशी एक कार्यप्रणाली रचावयास आरंभ केला, तीच युनिक्स. आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९७१ साली त्याच संस्थेच्या पेटंट विभागाने आपली कागदपत्रे तयार करण्यासाठी ही प्रणाली वापरावयास घेतली. म्हणजे या विद्वान यंत्राच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांत मजकूर नीट मांडून छापून हवा असणारे कारकून होते. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सर्वांस मोकळा करून दिला. आपल्या पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनेही २००७ साली लिनक्सवर आधारलेली 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली. ॲपल कंपनीचे मॅक संगणकही याच कुळातले. ही सारी भावंडे असल्यामुळे छपाईची व्यवस्था एकीवर समजली की इतरांवर फारशी अडत नाही.

आता मूळ अडचण काय, ते पाहा. समजा, एका कचेरीत पाच लेखनिक आहेत आणि प्रिंटर एक आहे. पाचही जणांनी एकाच क्षणी आपापला कागद धाडला, तर काय होईल? मध्ये काही व्यवस्था नसेल तर पहिल्याची एक ओळ, दुसऱ्याची एक ओळ, अशी खिचडी कागदावर उतरेल. अथवा एकाचे काम संपेपर्यंत उरलेल्या चौघांस हात जोडून बसावे लागेल. यावर उपाय असा की, पाठविलेले प्रत्येक काम प्रथम संगणकाच्या तबकडीवर एका राखीव जागी साठवावयाचे, आणि तेथून एकामागून एक प्रिंटरकडे सोडावयाचे. या साठवणीस स्पूल असे नाव आहे. इंग्रजीत त्या शब्दाचा साधा अर्थ सुताची रीळ. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत ज्यांच्या वाडवडिलांनी काम केले, त्यांच्या घरी हा अर्थ उकलून सांगावयास नको: सूत आधी रिळावर घ्यावयाचे, मग मागासाठी सोडावयाचे.

लातूरकरांस याहून जवळचे उदाहरण आठवेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातुरास येऊ लागली. ते पाणी गाडीतून थेट शहरात वाटले गेले नाही. स्थानकाजवळच्या एका मोठ्या विहिरीत ते प्रथम उतरविले गेले, आणि तेथून शुद्धीकरणासाठी पुढे नेण्यात आले. मध्ये विहीर नसती, तर वाटप पुरे होईपर्यंत गाडीस रुळावरच खोळंबून राहावे लागले असते. स्पूल म्हणजे ती विहीर. पाठविणारा आपले काम तीत ओततो आणि मोकळा होतो. प्रिंटर आपल्या गतीने उपसा करतो. आणखी एक लाभ असा की, तबकडीवर साठविलेले काम वीज गेली तरी नाहीसे होत नाही. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्या भागास हा गुण मोलाचा आहे. मात्र येथेच एक भ्रमही जन्मास येतो. काम विहिरीत पडले म्हणजे ते छापून झाले, असे पाठविणारा समजतो. ते तसे नसते. हा फरक श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

विहीर आणि नळ एकाच आवारात असले तर हे सोपे आहे. परंतु विहीर एका संगणकावर आणि पाठविणारा दुसऱ्या संगणकावर असेल, तर दोघांनी आपसांत बोलण्याची भाषा ठरवावी लागते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने १९८३ मध्ये युनिक्सची जी आवृत्ती प्रसिद्ध केली, तीत जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राकडे छपाईचे काम धाडण्याची सोय होती. १९९० साली ही बोलण्याची रीत लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाली. तीत छपाईसाठी ५१५ क्रमांकाचे दार नेमलेले आहे. दार म्हणजे लाकडाचे नव्हे. एकाच संगणकाकडे अनेक प्रकारची कामे येतात, त्यांतील कोणते काम कोणत्या सेवकाकडे जावयाचे ते दाखविणारा तो आकडा. आमच्या टपालाच्या रजिस्टर पत्रास जशी पोच मिळत असे, तशी येथेही प्रत्येक टप्प्यावर पोच आहे: घेणारे यंत्र 'मिळाले' म्हणून एक शून्य परत धाडते. पोच न मिळाल्यास पाठविणारे यंत्र काम आपल्याकडेच ठेवून पुन्हा प्रयत्न करते.

ही जुनी रीत साधी व टिकाऊ ठरली. परंतु ती भाबडी होती. पाठविणारे यंत्र जे नाव सांगेल ते खरे मानावयाचे, आणि मजकूर उघड्या पोस्टकार्डाप्रमाणे जाळ्यावरून न्यावयाचा, अशी तिची राहणी. पुढे नवीन रीत आली. तिचे दार ६३१ क्रमांकाचे. तीत पाठविणाऱ्याची ओळख पटविता येते, मजकूर कुलूपबंद करून नेता येतो, आणि आपले काम कोठवर आले हेही विचारता येते. या रीतीवर उभारलेली छपाईची व्यवस्था मायकेल स्वीट या अमेरिकी गृहस्थांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव कप्स. मॅक संगणकांनी ती २००२ मध्ये स्वीकारली, २००७ मध्ये ॲपलने तिचे हक्क विकत घेतले, आणि आज लिनक्सच्या बहुतेक सर्व प्रकारांत छपाईचे काम हीच व्यवस्था पाहते. ती विनामूल्य आहे.

आता ती बसवावयाची कशी, याकडे वळू. प्रिंटर ज्याच्या अधीन राहील असा एक संगणक प्रथम निवडावा. त्यास सर्व्हर म्हणतात. आपण त्यास मुख्य संगणक म्हणू. तो कामाच्या वेळात सतत चालू राहणारा असावा. जाळ्यावर त्याचा पत्ता कायमचा नेमून द्यावा, आणि प्रिंटर जर स्वतःच जाळ्यास जोडलेला असेल तर त्याचाही. हे न केल्यास वीज जाऊन आली की कित्येक ठिकाणी यंत्रांस नवा पत्ता मिळतो, आणि बाकीचे संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारीत बसतात. भाडेकरूने बिऱ्हाड बदलले आणि टपालवाल्यास सांगितले नाही, तसला हा प्रकार.

नंतर मुख्य संगणकावर कप्स बसवावे. ते आपल्या प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे. पुष्कळदा ते आधीच बसविलेलेही असते. संगणक सुरू होताच त्याचा सेवक आपोआप जागा व्हावा, अशी आज्ञा देऊन ठेवावी. मग रांग निर्माण करावी. रांग म्हणजे प्रिंटरचे जाळ्यावरील नाव, त्याचा पत्ता आणि त्याची भाषा, या तिहींची नोंद. नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आणि ऐकताच ठिकाण कळेल असे द्यावे: कचेरी, ग्रंथालय, परीक्षा विभाग. 'प्रिंटर एक', 'प्रिंटर दोन' अशी नावे दिली की, कोणाचा कागद कोणत्या मजल्यावर निघाला याचा शोध करीत शिपाई जिने चढत राहतो. प्रिंटरची भाषा म्हणजे त्याचा ड्रायव्हर. अलीकडचे पुष्कळ प्रिंटर नव्या रीतीने थेट बोलतात, त्यांस निराळा ड्रायव्हर लागत नाही. जुन्यांकरिता मात्र मॉडेल पाहून तो निवडावा लागतो.

तिसरे काम दार उघडण्याचे. नव्याने बसविलेले कप्स सामान्यतः स्वतःच्याच संगणकावरील कामे घेते, बाहेरून आलेल्यांस घेत नाही. हा त्याचा दोष नव्हे, सावधपणा आहे. आपण त्यास सांगावयाचे की, ही रांग सामायिक आहे आणि आपल्या आवारातील जाळ्यावरील संगणकांची कामे घे. 'आवारातील' हा शब्द महत्त्वाचा. रांगा निर्माण करण्याचा व मोडण्याचा अधिकार एकदोघांसच असावा, छापण्याचा सर्वांस. चौथे काम इतर संगणकांचे. त्यांवर प्रत्येकी ड्रायव्हरचा खटाटोप करण्याचे कारण नाही. मुख्य संगणकाचे नाव सांगितले आणि नेहमीची रांग कोणती ते ठरविले की पुरे. वीस संगणकांच्या खोलीत या एका गोष्टीने केवढा वेळ वाचतो, याचा हिशेब शिक्षकांनी करावा.

सर्वांत शेवटी परीक्षेचा कागद छापावा. आणि तो मुख्य संगणकावरून नव्हे, तर जाळ्यावरील सर्वांत दूरच्या संगणकावरून. जवळून छापून पाहणे म्हणजे रहाटाजवळच्या वाफ्यात पाणी आले, म्हणून सारे शेत भिजले असे मानण्यासारखे आहे. कोणते काम कोठे आहे ते 'एलपीस्टॅट' या आज्ञेने पाहावे, आणि धाडलेले काम 'कॅन्सल' या आज्ञेने रद्द करूनही पाहावे.

आता नित्य येणाऱ्या तीन अडचणी सांगतो. कारण व्यवस्थेचा कस या ठिकाणी लागतो.

पहिली अडचण थांबलेल्या रांगेची. प्रिंटरशी संबंध तुटला किंवा काम पुढे नेण्यात काही बिघाड झाला की, कप्स पुष्कळदा ती रांगच थांबविते, म्हणजे कामे वाया जाऊ नयेत. तार पुन्हा जोडली, प्रिंटर चालू केला, तरी छपाई होत नाही. कारण रांग अजून थांबलेलीच असते आणि ती कोणीतरी मोकळी करावी लागते. हे ठाऊक नसलेला लेखनिक पुन्हा छापा म्हणतो, पुन्हा म्हणतो, दहा वेळा म्हणतो. ती दहाही कामे विहिरीत साठतात. दुसऱ्या दिवशी कोणी जाणकार येऊन 'कप्सएनेबल' ही आज्ञा देतो, आणि एका दाखल्याच्या दहा प्रती भराभर बाहेर पडतात. मघाशी जो फरक ध्यानात ठेवण्यास सांगितले, तो हाच. पाठविणे निराळे, छापले जाणे निराळे. कागद आला नाही तर दुसऱ्यांदा पाठवू नये. प्रथम रांग पाहावी.

दुसरी अडचण कागदाच्या आकाराची. आपल्याकडे ए-फोर कागद चालतो. तो २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब. अमेरिकेत लेटर नावाचा आकार रूढ आहे. तो थोडा रुंद आणि बराच आखूड. ही सामग्री मुळात अमेरिकेत घडलेली असल्याने कधी कधी रांगेचा ठरीव आकार लेटर असा राहून जातो. मग प्रिंटर लेटर कागदाची मागणी करीत दिवा लुकलुकवीत बसतो, आणि खणात ए-फोरचा गठ्ठा भरलेला असूनही छापीत नाही. रांग निर्माण करतानाच आकार ए-फोर ठरवून टाकावा.

तिसरी अडचण आपल्या लिपीची. जुन्या काळचे छपाईचे सेवक रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून रचलेले होते. आपल्याकडे कित्येक वर्षे मराठी मजकूर अशा फाँटांत लिहिला गेला की, ज्यांत 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी एखादे रोमन अक्षरच असे. केवळ पडद्यावर त्यास देवनागरी पोशाख चढविलेला असे. असा मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला आणि तेथे तो फाँट नसला की पोशाख उतरतो, आणि माणसाच्या नावाच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रास दिसते. यावर दोन उपाय आहेत. एक, मजकूर युनिकोडमध्ये लिहावा. त्यात देवनागरी अक्षरांस त्यांचे स्वतःचे क्रमांक आहेत. दुसरा, दूर धाडावयाचा मजकूर पीडीएफ करून धाडावा आणि फाँट त्याच्या पोटातच ठेवावा. शिदोरी बरोबर असली की परगावी उपाशी राहण्याची वेळ येत नाही. दाखल्यावर आईचे नाव चुकले तर ते दुरुस्त करून घेण्यास किती हेलपाटे पडतात, हे ज्यांनी सोसले त्यांस या सूचनेचे महत्त्व सांगावयास नको.

येथवर सोयीचा विचार झाला. आता विश्वासाचा विचार करू.

नांदेड येथे १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्यास जोडलेली आहेत. एवढ्या विस्तारात प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मोटारीने पोहोचविणे किती जिकिरीचे, हे परीक्षेचे काम केलेल्यांस माहीत आहे. आता महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत प्रश्नपत्रिका जाळ्यावरून केंद्रास धाडावयाची आणि परीक्षेच्या थोडे आधी केंद्रावरच छापून घ्यावयाची, ही पद्धत रूढ झाली आहे. गठ्ठा वाटेत फुटण्याचे भय गेले. परंतु श्रोतेहो, भय नाहीसे होत नाही. ते जागा बदलते. प्रश्नपत्रिका केंद्रावर आली आणि छपाईस सोडली की ती कोठे पडते? त्याच विहिरीत. कप्सची मूळ घडण अशी आहे की, काम छापून झाल्यावरही त्याची प्रत एक दिवसपर्यंत, म्हणजे ८६,४०० सेकंद, साठवणीत राहते, हेतू हा की कागद फाटला तर पुन्हा छापता यावा. साध्या दाखल्याच्या बाबतीत ही सोय आहे. प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत ती गळती आहे. पर्यवेक्षक कुलूप लावून प्रती मोजीत असतो, आणि एक प्रत, जी कोणीच मोजली नाही, ती संगणकाच्या पोटात शांत बसलेली असते. यास्तव गुप्त कामाच्या मुख्य संगणकावर 'प्रिझर्व्ह जॉब फाइल्स' ही सोय बंद ठेवावी, प्रिंटर निराळा ठेवावा, आणि मजकूर कुलूपबंद रीतीनेच न्यावा.

दुसरी गोष्ट बाहेरच्या दाराची. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने कप्सच्या सोबतीने चालणाऱ्या एका सेवकातील मोठा दोष उघड केला. जाळ्यावर नवीन प्रिंटर आला की त्याची नोंद घेणे, हे त्या सेवकाचे काम. परंतु तो कोणाचाही शब्द खरा मानीत असे. बाहेरच्या कोणी 'मी प्रिंटर आहे' असे सांगितले, तरी तो त्यास घरात घेई. आणि मग एखाद्या बेसावध माणसाने त्या बनावट प्रिंटरकडे काम धाडले की, परक्याच्या आज्ञा आपल्या संगणकावर चालू शकत. दुरुस्त्या पुढे प्रसिद्ध झाल्या. तथापि दुरुस्ती प्रसिद्ध होणे निराळे आणि ती आपल्या खोलीतील संगणकावर बसणे निराळे. ज्या ठिकाणी प्रिंटर वर्षानुवर्षे तेच आहेत, तेथे नवे प्रिंटर शोधणाऱ्या या सेवकाची गरजच नाही. तो बंद करावा. आणि ६३१ क्रमांकाचे दार इंटरनेटच्या बाजूस केव्हाही उघडे ठेवू नये.

या साऱ्याचा निष्कर्ष एका वाक्यात सांगावयाचा तर असा: दुरून छापणे म्हणजे कागदाची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात देणे होय, आणि प्रत्येक हस्तांतराच्या ठिकाणी कोणी दिले, कोणी घेतले आणि मागे काय उरले, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार असली पाहिजेत. यंत्रे आपसांत पोच देतात. माणसांमध्ये मात्र ती पद्धत ढिली पडते. एखाद्या कचेरीतील जाणकार माणसाची बदली होते. त्याच्याबरोबर परवलीचा शब्द जातो, रांगांची नावे जातात, आणि मागे उरलेल्यांस चालू यंत्रही बंद भासते. म्हणून माझी विनंती अशी की, प्रत्येक मुख्य संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. तीत यंत्रांचे पत्ते, रांगांची नावे, थांबलेली रांग मोकळी करण्याची आज्ञा, आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेस बसविली, एवढे मराठीत लिहावे. परवलीचा शब्द वहीत लिहू नये. तो मोहोरबंद पाकिटात प्रमुखांच्या स्वाधीन असावा. कार्यभार सोपविताना किल्ल्यांबरोबर ही वहीही सोपवावी आणि सही घ्यावी.

एवढे केले तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसास 'उद्या या' असे सांगण्याचे प्रसंग खात्रीने कमी होतील.